मंगळवारचा कापूस

चिमूटभर कापूस घ्यायचा. सरकीपासून सोडवायचा, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा, अर्धा अर्ध्यावर ठेवायचा, पुन्हा ओढायचा. असं सात-आठ वेळा. शेवटी बोटांत विंचरल्यासारखा एक सरळ झुबका उरायचा. तो काळ्या कापडावर ठेवून ते एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "एकोणतीस."

ही धाग्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. पट्टी लावून पाहिली तरी एकोणतीसच भरायची. समोरचा शेतकरी कुरकुरला तर पुढचं वाक्य ठरलेलं असायचं.

"माणूस खोटं बोलन बाप्पा, धागा नाई बोलत."

काळं कापड म्हणजे जुन्या छत्रीचा वीतभर तुकडा होता. सदऱ्याच्या खिशात तो कायम घडी घालून असायचा, लग्नाकार्याला गेले तरी. जिनिंगमध्ये सगळे त्यांना ग्रेडरसाहेब म्हणत. मीही तेच म्हणत आलो, इथेही तेच म्हणतो. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याचा धंदा त्याच्या अंगात भिनलेला असतो आणि अंगरखा उतरवला तरी उतरत नाही.

मी धामणगाव रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावरचा बाबू. भरलेल्या गाडीचं वजन करायचं, रिकामी झाली की पुन्हा करायचं, मधला फरक लिहून द्यायचा. ते त्याच जिनिंगमध्ये ग्रेडर. घरं मात्र दोघांचीही अमरावतीला, राजापेठेतल्या एकाच गल्लीत, समोरासमोर. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि संध्याकाळी परतायचं, हे आम्ही वीस वर्षं शेजारी बसून केलं. मला वजन कळायचं, त्यांना प्रत कळायची.

प्रती तीन होत्या. सुपर, फेअर आणि कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला, धड न उमललेल्या बोंडाचा कापूस. या तीन शब्दांत त्यांनी सगळं जग बसवलं होतं. गाडीतला चहा फेअर. बडनेऱ्याचे भजे सुपर. मालकांच्या मुलीच्या लग्नात मालक स्वतः पंगतीत विचारत आले, "कसं काय ग्रेडरसाहेब?" तर हे पानावरून मान न उचलता म्हणाले, "भाजी सुपर हाये, बुंदी फेअर. भाषण कवडी झालं." मालक हसले. दुसरा कोणी असता तर सोमवारी घरी बसला असता.

कापसाच्या गाडीत वरचा थर पांढराशुभ्र आणि खाली कवडी दडपलेली, हा प्रकार काही नवा नाही. ग्रेडरसाहेब गाडीवर चढायचे आणि खांद्यापर्यंत हात कापसात घालायचे. तळाची मूठ वर काढून गाडीवाल्यासमोर धरायचे आणि फक्त दोन शब्द बोलायचे, "वरून सुपर." पुढचे दोन शब्द ते कधीच बोलले नाहीत. ते गाडीवाल्याला ऐकू यायचे. तो खाली पाहायचा, आणि हे मुकाट्याने उतरून दुसऱ्या गाडीकडे जायचे.

जिनिंगमध्ये रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, सुरू झाले की हवेत रुईचा बारीक तूस उडतो. भुवया पांढऱ्या होतात. कामावरच्या बाया नाकातोंडाला फडकं घट्ट बांधतात. हे कधीच बांधायचे नाहीत, कारण कापसातली ओल ते नाकाने ओळखायचे. ढिगाजवळ वाकून दीर्घ श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "पाणी मारलं हाये याच्यावर, पहाटे."

मी एकदा माझा रुमाल पुढे केला होता.

"नाक बांधलं तं ओल कशी कळन बाबू? मशीन आणू दे मालकाले, मंग बांधतो."

मालकांनी ओल मोजायचं यंत्र आणलं. हे आधी नाकाने आकडा सांगायचे, मग यंत्र तोच दाखवायचं, आणि लोक टाळ्या वाजवायचे. मग कशाला बांधतात. आमच्या टाळ्यांनी त्यांचं नाक उघडं ठेवलं असं मला आता वाटतं. दर हिवाळ्यात खोकला यायचा. पुढे तो उन्हाळ्यातही राहू लागला. एका वर्षी बडनेऱ्याचा जिना चढताना ते मध्येच बसले आणि म्हणाले, "तू हो पुढे, मी गाडी पायतो." गाडी तर समोरच उभी होती.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला. तीस वर्षांचा तूस आत बसला होता, आता तो निघायचा नव्हता. नोकरी सुटली. घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या बत्तीस पायऱ्या. एकदा वर गेले ते वरच राहिले. खोलीत ऑक्सिजनचं यंत्र आलं, दिवसरात्र घरघर करणारं, आणि त्याची लांब नळी त्यांच्या नाकाला. ती नळी स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचायची, मोरीपर्यंत पोचायची, गॅलरीच्या कठड्यापर्यंतही ताणून पोचायची. जिन्याकडे मात्र दुसऱ्या पायरीपर्यंतच. हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवलं होतं.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घरातला कापूस हद्दपार केला. कापसाची गादी देऊन टाकली, फोमची आणली. उशा बदलल्या. देवाच्या वातीसुद्धा त्या आमच्या घरी येऊन वळायच्या, हात धुवायच्या, मग घरी न्यायच्या. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात हे दोघेच. पहिलं वर्ष ग्रेडरसाहेबांनी भिंतीकडे तोंड करून काढलं. मी रविवारी जाऊन बसायचो, जिनिंगच्या गोष्टी सांगायचो. ते "हं" म्हणायचे.

मग लॉकडाऊन लागला आणि अख्खी गल्ली त्यांच्यासारखी झाली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. मी गॅलरीत बनियन-लुंगीवर बसून समोरच्या बंद दुकानाच्या कुलपाकडे पाहत होतो. समोर वरच्या मजल्यावर ग्रेडरसाहेब येऊन उभे राहिले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, खिशात काळं कापड. वर्षभरात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"काय करून रायला बाबू?"

"काई नाई साहेब. बसलो हाये."

"लुंगीवर?"

"घरातच तं हाये."

"पँट घाल. लुंगीवर दिवस काढला का माणूस बिमार पडते. दाढी कर. मंग बस." थोडा श्वास घेऊन म्हणाले, "घरात बसनं हा धंदा हाये. शिकावा लागते. मी तुमच्या सगळ्याइचा एका वर्षानं सीनियर हावो."

तेव्हापासून त्यांनी गल्ली हातात घेतली. नियम फार नव्हते. सकाळी आंघोळ करून कामावर जायचे कपडे घालायचे. घरातल्या घरात चालायचं. ते स्वतः कासरा धरावा तशी नळी हातात धरून ओट्यापासून कठड्यापर्यंत चाळीस फेऱ्या मारायचे. आणि दिवसातून एक काम असं करायचं, की संध्याकाळी सहाला ते हातात धरून गॅलरीतून दाखवता आलं पाहिजे. "बाकी टाइम झोपा नाई तं भांडा, मले फरक नाई पडत," ते म्हणायचे.

सहाला गल्लीच्या सगळ्या गॅलऱ्या भरायच्या. खालच्या मजल्यावरचे ट्यूशन क्लासवाले सर वेताची खुर्ची विणून दाखवत. कोपऱ्यावरच्या बाईंनी पहिल्या दिवशी कुरडई उंच धरली, ती सुपर ठरली, आणि पंधरा दिवस त्या सुपरच राहिल्या. मी पहिल्या दिवशी रिकामाच उभा होतो, मला कवडी मिळाली. दुसऱ्या दिवशी डाळ निवडून ताट दाखवलं.

"डाळ नोको दाखवू. कचरा किती निघाला थे दाखव."

मी चिमूटभर खडे दाखवले. फेअर. पूर्ण लॉकडाऊनमध्ये मी फेअरच्या वर गेलो नाही. पन्नाशीला आलेला माणूस, पण सुपर मिळावा म्हणून मी एकदा जुनी शिलाई मशीन खोलून परत जोडली होती. एक स्क्रू उरला. तो त्यांना इतक्या लांबून कसा दिसला देव जाणे.

ते स्वतःही रोज काहीतरी दाखवायचे. जुन्या साडीची वळलेली दोरी. हाताने शिवलेली पिशवी. काकू मागून म्हणायच्या, "मशीनवर मी दोन मिंटात शिवली असती." त्यावर ते म्हणायचे, "मंग बाकीचा दिवस काय केलं असतं?" त्या दिवसांत त्यांना भूक लागायची. आवाज भरला होता. डॉक्टर फोनवर काकूंना म्हणाले, काय करता आहात ते चालू ठेवा. लोक बाहेर रोगाला भिऊन मरत होते आणि आमच्या गल्लीतला सर्वांत आजारी माणूस बरा होत होता. मला ते दिवस संपू नयेत असं वाटायचं, हे आज सांगायला लाज वाटते.

दिवस संपले. दुकानांची शटरं वर गेली, क्लासवाल्या सरांचे विद्यार्थी परत आले, गल्लीत गाड्यांची रांग लागली. जिनिंग सुरू झालं आणि मी पुन्हा गाडी धरू लागलो. आठवडाभर सहाला चार-दोन गॅलऱ्या भरायच्या. मग एक. मग कोणीच नाही.

मी पावणेसातला स्टेशनवरून यायचो तेव्हा ते अजून कठड्याला धरून उभे असायचे. नळी मागे ताणलेली.

"काय आणलं आज?"

"ड्यूटी होती साहेब."

"हं."

एक दिवस वर पाहिलं तर कठड्यावर फक्त टॉवेल वाळत होता. मी वर गेलो. ते पलंगावर, तोंड भिंतीकडे. दाढीचे खुंट. अंगावर लुंगी.

"तुमचं उघडलं बाबू," ते भिंतीलाच म्हणाले. "माह्यं काई उघडत नाई आता."

यंत्र घरघरत होतं. काकू चहा ठेवून गेल्या, त्यावर साय धरली. बऱ्याच वेळाने ते वळले आणि हळूच म्हणाले, "नवा कापूस आला असन. बोटभर आणजो ना."

"डॉक्टरनं नाई म्हणून सांगितलं साहेब."

"डॉक्टर कवडी हाये."

मी आठ दिवस टाळलं. आठ दिवस ते तसेच पडून होते. नवव्या दिवशी मी पहिल्या वेच्यातला चांगला, स्वच्छ कापूस मूठभर घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंडाला रबर लावलं आणि डब्याच्या थैलीत तळाला दडवला. काकू वाती वळायला आमच्या घरी गेल्याचं पाहून वर चढलो. नुसता कापूस देऊन भागणार नाही, हे मला जिन्यात सुचलं. म्हणून खोटं बोललो. "मालकानं पाठवला. नवीन ग्रेडर पोट्टा हाये, त्याच्या भरवशावर राहत नाईत थे. म्हणे, तुमचा हात लागू द्या एकदा, चिठ्ठी पाठवा."

ते उठून बसले. खिशातून नाही, उशीखालून काळं कापड काढलं. कापूस हाती घेतला. ओढला, ठेवला, ओढला. ओल कळावी म्हणून एक सरकी दाताखाली फोडली, तिचा कट असा आवाज ऐकला. मग कापडावरचा झुबका पाहिला.

"तीस. पुरा." आणि मान वर करून, "कागद दे."

आयुष्यात मी कोणाला एवढं मोठं काही दिलं नव्हतं. जिना उतरताना मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते.

त्यानंतर ती नोकरीच झाली. काकू वाती वळायला आमच्याकडे आल्या की मी रोज तीन पिशव्या न्यायचो. ते आंघोळ, दाढी करून, पँट घालून गॅलरीजवळ टेबलाशी बसलेले असायचे. आदल्या दिवशीच्या पिशव्या तपासून तयार, प्रत्येकीत घडी घातलेली चिठ्ठी. पिशवी क्रमांक, लांबी, ओल, प्रत. मी त्या पिशव्या जिनिंगला परत न्यायचो. चिठ्ठ्या काटाघराच्या टेबलाच्या खणात टाकायचो. पहिल्या दोन-तीन वाचल्या, मग वाचायच्या सोडल्या. त्यांत काय असणार ते ठाऊकच होतं, आणि दाखवायच्या कोणाला? मालकांना तर यातलं काहीच माहीत नव्हतं. नवीन ग्रेडर यंत्रावर काम करतो, नाकाला मास्क बांधून. त्याच्या कामात काही खोट नाही.

मधूनमधून ते विचारायचे, "मालक काय म्हणले?"

"खूश हायेत."

"काई चूक निघाली?"

"नाई साहेब. तुमची कायची चूक निघते."

ते मान डोलवायचे. पण थोडे हिरमुसायचे, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

हिवाळा असा चांगला गेला. फेऱ्या चाळीसच्या पन्नास झाल्या. उन्हाळा लागला, हंगाम आटोपला, जिनिंगचं आवार रिकामं झालं. कापूसच येईना, तर मी आणणार कुठून? माझ्याजवळ जुन्या पिशव्या होत्या. मी त्याच फिरवायला लागलो. त्यांनी परत दिलेली आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा न्यायची. कापसासारखा कापूस, कोणाला कळतंय, असा माझा हिशेब. ज्या माणसाने पहाटे मारलेलं पाणी नाकाने ओळखलं, त्याच्याबद्दल काट्यावरच्या माणसाने केलेला हा हिशेब.

पहिल्यांदा असं केलं त्या दिवशी ते पिशवी उघडून ओढता ओढता थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"कुठला हाये हा?"

"दर्यापूरचा," मी म्हणालो. तोंडात आलं ते.

"दर्यापूरचा," ते म्हणाले, आणि ओढायला लागले.

मला वाटलं, निभावलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र एक सवय दिसू लागली. पिशव्या टेबलावर ठेवल्या की ते आधी त्यांची तोंडं पाहायचे. एकेक उचलून, चष्मा सावरून, रबर लावलेलं तोंड पाहायचे आणि खाली ठेवायचे. ओल शिरली का ते बघत असतील असं मला वाटलं. जुनी खोड.

पावसाळा आला आणि खोकला वाढला. नळी लावूनही ओठ काळसर दिसायचे. डॉक्टर घरी आले, छाती तपासून उठले आणि विचारू लागले, "घरात धूळ कुठून येते?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी पिशव्या नेणं बंद केलं. सांगितलं, मालक बाहेरगावी गेलेत.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी काकू आमच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत.

"भाऊ, चार दिवस झाले, तोंडात घास नाई त्याइच्या. भित्तीकडेच पाहून रायले."

"काकू, तो कापूस..."

"मले मालूम हाये. नोव्हेंबरपासून मालूम हाये. रोज संध्याकाळी त्याइच्या सदऱ्यावरचा तूस ओल्या फडक्यानं मीच पुसते." त्या जिन्याकडे पाहत राहिल्या. "त्याच्यानंही जातीन, अन् त्याच्याबिगरही जातीन. आज येजा."

मी गेलो. तीन पिशव्या, तोंडाला रबर लावून. त्यांनी तोंडं पाहिली, खाली ठेवल्या आणि कामाला लागले. हात आता इतके हळू चालायचे की एक पिशवी व्हायला दुपार जायची. कधी मध्येच कापूस बोटांत राहायचा आणि डोळा लागायचा. सुट्टीच्या दिवशी मी समोर बसून असायचो. आपण करतो ते चांगलं की वाईट, हे मी मनात अनेकदा तोललं. काटा कधीच स्थिर झाला नाही. आजही झालेला नाही.

ते दसऱ्याच्या दहा-बारा दिवस आधी गेले. सकाळी काकूंनी चहा नेला तेव्हा टेबलावर डोकं ठेवून होते. दाढी केलेली होती. गल्लीतून सहा-सात जण आले. बाकीच्यांची ड्यूटी होती, क्लास होते. बत्तीस पायऱ्या त्यांना अडीच वर्षांनी उतरायला मिळाल्या, त्या आमच्या खांद्यावरून. यंत्र भाड्याचं होतं, ते न्यायला माणूस आला. काकूंनी नळी गुंडाळून त्याच्या हातात दिली, आणि ती केवढीशी झाली होती.

टेबलावरच्या शेवटच्या तीन पिशव्या काकूंनी मला दिल्या. त्यांतली एकच उघडलेली होती. मी त्या नेऊन खणात ठेवल्या.

दसऱ्याला आमच्याकडे काट्याची पूजा असते. नव्या हंगामाची पहिली गाडी त्या दिवशी तोलतात. सकाळी मी काटाघर झाडायला घेतलं आणि तो खण रिकामा करायला बसलो. चिठ्ठ्या खूप होत्या. टाकायच्या आधी एक उघडली. मग दुसरी. मग खाली बसून सगळ्या लावून घेतल्या.

सुरुवातीच्या सरळ होत्या. लांबी, ओल, प्रत. मग उन्हाळ्यातली, मी दर्यापूर म्हणालो त्या दिवसाची:

"पिशवी २. ही मंगळवारचीच आहे. तपासणारा वाचत असल्यास पुढच्या पिशवीचं तोंड लाल दोऱ्यानं बांधून पाठवावं."

दुसऱ्या दिवशीची: "पिशवी १. तीच. लाल दोरा नाही." त्याच्या पुढची: "पिशवी ३. तीच. लाल दोरा नाही." असं कितीतरी दिवस. मग लाल दोऱ्याचं लिहिणं बंद झालं होतं. काम मात्र बंद झालं नव्हतं. "तीच. एकोणतीस." "तीच. हाताळून धागा तुटून राहिला. सत्तावीस." "तीच. चोवीस." वारंवार ओढून ओढून तो कापूस झिजत चालला होता, आणि कोणी वाचत नाही हे पक्कं कळल्यावरही त्यांनी एकदाही लांबी अंदाजाने लिहिली नव्हती. आपण रोज दाढी करून, पँट घालून कशासाठी बसतो, हे त्यांना उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

त्याच खणात, चिठ्ठ्यांच्या बाजूला, लाल दोऱ्याचं रीळ होतं. रुईच्या गाठींना चिठ्ठी बांधायचा दोरा. माझ्या आधीपासून ते तिथेच असतं. ते कुठे असतं हे ग्रेडरसाहेबांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी तो मागितला होता. हात लांब केला असता तर पुरला असता.

शेवटच्या उघड्या पिशवीत एक चिठ्ठी होती. अक्षर वेडंवाकडं, शब्द खाली घसरत गेलेले. तीत क्रमांक नव्हता, लांबी नव्हती, ओल नव्हती.

"बाबू. वरून सुपर."

मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही लिहिलेलं नव्हतं. बाहेर पहिली गाडी येऊन उभी होती, नारळ फुटला होता, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी काटा शून्यावर आणला आणि वजन लिहून घेतलं.